मीठ

क्युव्हेटमध्ये तीन मिली बफर, आणि इथिडियम,
सुईच्या टोकावर मावेल एवढा रंग.
यंत्र त्याला हिरवा उजेड देतं.
तो जवळजवळ गप्प.
पाणी त्याचं तेज पिऊन टाकतं,
केगावचा माळ मे महिन्यात टँकरची गळती पितो तसं.

मग डीएनए सोडते, पाच-पाच मायक्रोलिटर.
बाटलीवर लिहिलंय, वासराच्या थायमस ग्रंथीतून.
घरी मी नुसतं 'केमिकल' म्हणते.

आणि सहाशे पाचवर रेघ उठते.

नवं काही पेटलेलं नाही.
रंग तोच, उजेड तोच.
शिडीच्या दोन पायऱ्यांमध्ये त्या सपाट रेणूला
आडवं व्हायला जागा मिळाली, एवढंच.
पाणी बाहेर राहिलं.
घेतलेलं आता पाण्यात सांडत नाही तो,
नारिंगी करून परत देतो.
शिडी त्याच्यासाठी जराशी लांबते,
पीळ सव्वीस अंशांनी सैल होतो.
पाहुण्यासाठी घरातली माणसं सरकून बसतात, तितकंच.

नाना अक्कलकोट रोडच्या डाइंगमध्ये
एकतीस वर्षं रंगारी.
सूत रंग घेईना की मीठ टाकायचे,
पोतं फोडून, खडे मीठ, उकळत्या टाकीत.
"उप्पु पडलं की रंग पाणी सोडतो,
सुताला धरतो."
गिऱ्हाईक ओला रुमाल चादरीवर घासून विचारायचं,
पक्का की कच्चा?
माझा सगळा प्रबंध त्याच प्रश्नावर आहे,
फक्त माझ्या रुमालाला घातांक आहेत.

म्हणून मीही मीठ घातलं.
रेघ खाली बसली.
सोडियम गर्दी करतो, डीएनएच्या अंगाला चिकटतो,
रंगाला म्हणतो, ऊठ.
पुन्हा घातलं. पुन्हा खाली.
रात्री फोनवर सांगितलं तर नाना हसले,
"तुझं मीठ खोटं असणार."

परवा ते डबा घेऊन आले, चिंचेचा भात.
विडी घरकुलातून दोन बस बदलून.
मी दिवे घालवले, पडदा ओढला,
अतिनील दिव्याखाली नळी धरली.
त्यांनी मान तिरपी केली, टाकीत वाकून बघायचे तशी.
"हळदीत लाल चुकून जास्त पडला की हा येतो.
आम्ही असा माल परत पाठवायचो."

मग स्वतःकडे बघितलं.
शर्ट निळसर पांढरा पेटला होता.
"तुझ्यापेक्षा माझं जोरात आहे की गं!"
धुण्याच्या पावडरचं काम ते, मी म्हटलं.
हात मात्र काळेच.
नखांच्या कडांना अजून जे आहे
ते कुठल्याच उजेडाला उत्तर देत नाही.

माझे मोजे दिसले त्यांना. निळे, एकावर एक दोन.
"एवढ्याशा रंगाला?"
हा आत शिरतो, नाना.
"आमच्याकडे मोजे नव्हते," ते म्हणाले,
तक्रार नव्हती त्यात,
आमच्याकडे तेव्हा फोन नव्हता म्हणतात तसं.

आणि खिशातून सिव्हिलचा कागद काढला,
चार घड्या पडलेला.
"काय लिहिलंय बघ. डॉक्टर घाईत होते."

कागदही चमकत होता, शर्टासारखाच,
आणि त्यावर अक्षरं काळी, स्पष्ट.
लघवीत रक्त, सहा आठवडे.
मूत्राशय, पुढे प्रश्नचिन्ह.
व्यवसाय, रंगारी.
त्या शब्दाखाली कुणीतरी
पेन दाबून दोनदा रेघ मारलेली.

नाना बटणाकडे हात नेत म्हणाले,
"दिवा लावू का? दिसत नसेल."

नको, म्हटलं.
दिसतंय.